दोघांना पुरेल एवढी चेन

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी आधी माझी उंची मोजली.

मंठ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर माझी बदली झाली होती आणि राहायला मंठ्यात जागा हवी होती. कुणीतरी हे घर सुचवलं. दार उघडलं ते एका उंच, वाळकुड्या गृहस्थांनी. अंगात बंडी, गळ्यात शिंप्यासारखी मापाची पट्टी आणि कानावर खडूचा तुकडा. मी कोण, कुठली, एकटी का, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही.

"मॅडम, जरा भिंतीला टेकून उभ्या ऱ्हा," ते म्हणाले. "हातातलं पुस्तक डोक्यावर आडवं धरा. तुम्हीच धरा. हां. हलू नका."

पुस्तकाच्या कडेला त्यांनी भिंतीवर खडूनं रेघ मारली, मला बाजूला व्हायला सांगितलं, रेघेपासून फरशीपर्यंत पट्टी लावली, मग आत जाऊन मोरीच्या दाराची चौकट मोजली आणि समाधानानं परत आले. "डोकं लागणार न्हाई. आधीचे भाडेकरू उंच होते. मोजू देत नव्हते, आणि रोज डोकं आपटून घेत होते. आता बघा खोली."

आतून एका बाईंचा आवाज आला. "अवो, आधी पाणी तरी विचारा तिला."

भिंतीवर हात ठेवत काकू बाहेर आल्या. त्यांना दिसत नाही हे मला लगेच कळलं नाही, कारण त्या थेट माझ्याकडे चेहरा करून हसल्या. "मनावर घेऊ नको पोरी. मला बघायला आल्ते तेव्हा हे आमच्या ओसरीच्या पायऱ्या मोजून गेल्ते. माझ्याकडं बघितलंच न्हाई."

"बघितलं होतं," काका म्हणाले. "पायऱ्या नंतर मोजल्या."

काकांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली होती. भोकरदन, अंबड, परतूर आणि शेवटी मंठा. बांधावर उभं राहून दोन भावांच्या मधोमध साखळी धरायची, खुणेचे दगड शोधायचे आणि कुणाची हद्द कुठपर्यंत ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण मोजायची सवय गेली नव्हती. कपाट सरकवायचं तर आधी माप. दारावरचं तोरण दोन्हीकडं सारखं लोंबतंय का, त्याचं माप. एकदा मी ओट्यावर वाळत घातलेले पोळपाटाएवढे पापड त्यांनी मोजले आणि त्यातले दोन बाजूला काढले. ते खराब नव्हते, फक्त मोठे होते.

"जवळपास" आणि "अंदाजे" हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "थोडं" म्हटलं की ते मान वर करून विचारायचे, "थोडं म्हणजे किती?" आणि हे खोचक नसायचं, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं असायचं. काकूंची नजर गेल्यावर स्वयंपाक त्यांच्याकडं आला, तेव्हा या एका सवयीनं त्यांचे फार हाल झाले. काकू चुलीपासून जरा लांब बसून सांगायच्या, "आता चवीपुरतं मीठ टाका." काका हातात मिठाची बरणी धरून उभे. "चवीपुरतं म्हणजे कोणाच्या चवीपुरतं?" तोवर खाली फोडणी जळून गेलेली असायची. शेवटी काकूंनीच एका चमच्याला दोरा बांधून दिला आणि सांगितलं, की सगळ्या भाज्यांना हा एक चमचा, बोट फिरवून सपाट करून. तेव्हापासून त्या घरात सगळ्या भाज्या सारख्याच खारट लागायच्या, पण वेळेवर व्हायच्या.

काकूंना काचबिंदू झाला होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. एक डोळा आधी गेला, दुसरा हळूहळू. काकांनी तेव्हा घरभर नायलॉनची दोरी बांधली होती, पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून मागच्या अंगणापर्यंत, आणि प्रत्येक दाराशी एक गाठ. काकूंनी त्या दोरीवर ओले कपडे वाळत घातले. "माझं घर मला माहीत हाय," त्या म्हणाल्या. "दोरी बाहेर बांधता येती का बघा. बाहेरचं न्हाई माहीत मला."

हेच खरं दुखणं होतं. घरात त्या सराईतपणे फिरायच्या, पण उंबऱ्याबाहेर त्यांनी पाऊल टाकणं सोडून दिलं होतं. काकांचा पुतण्या एकदा मोटरसायकलवर मागं बसवून देवळात घेऊन गेला. रस्त्यात खड्डा येतोय, गाडी वळतेय, ब्रेक लागतोय, यातलं काहीच आधी कळेना. परत आल्यावर त्या दोन दिवस झोपून होत्या. नंतर रिक्षा आणून बघितली, पुतण्यानं मोटार आणली, पण त्या बसल्या नाहीत.

मागच्या अंगणात पत्र्याखाली त्यांची लेडीज सायकल होती. काकू हसनाबादच्या. शाळेला सायकलवर जाणाऱ्या त्यांच्या गावातल्या पहिल्या दोनचार मुलींपैकी एक. लग्नानंतरही सायकल सुटली नव्हती. "बदली झाली की टेम्पोत पहिल्यांदा माझी सायकल चढायची," त्या मला सांगायच्या. "मंग बाकीचा संसार." रोज सकाळी त्या तिचं सीट पुसायच्या, टायर दाबून बघायच्या, हवा कमी वाटली तर काकांना पंप मारायला लावायच्या. कधी नुसत्या हँडल धरून उभ्या राहायच्या.

एकदा मी म्हटलं, "काकू, माझ्या स्कूटीवर मागं बसा ना. मी अगदी हळू नेते."

"बसून न्हाई जायचं मला कुठं," त्या म्हणाल्या. "पाय मारत जायचं. पाय मारताना रस्ता पायात येतो बघ. चढ आला की आधी पायाला कळतं. बसलेल्या माणसाला काय कळतंय? पोत्यासारखं नेतात."

हे काका ऐकत होते. नेहमीसारखं काही विचारायच्याऐवजी ते पट्टी घेऊन अंगणात गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका रविवारी मी कपडे धूत होते. काकू अंगणात गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांची हाक आली. हाकेत काहीतरी होतं म्हणून मी हात न पुसताच धावले. त्या पत्र्याखाली वाकून उभ्या होत्या. सायकलचं सीट त्यांना सापडलं होतं. सीटवरून हात खाली सरकला होता, नळीवर आला होता, आणि पुढं नळीच नव्हती. कापलेल्या कडेवर त्यांची बोटं थांबली होती.

"पोरी, हे काय झालंय माझ्या सायकलला? कोणी मोडली?"

मी बघितलं. पुढचा अर्धा भाग गायब होता. मागं नुसतं मागचं चाक, सीट आणि पायडलं.

तेवढ्यात काका आले. हातात करवत होती. "मी कापली," ते म्हणाले. "हँडलसकट पुढचा भाग भाईकडं वेल्डिंगला दिला. हा न्यायला आलो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"न्हाईच म्हणले असते!"

"मंग सायकल झाली नसती. दोन सीटची करून राह्यलो. पुढं मी, मागं तू. तुझ्या सीटला तुझी पायडलं."

काकू हात भिंतीवर ठेवत आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. नंतरचे बरेच दिवस त्या काकांशी बोलल्या नाहीत. चहा झाला की मला सांगायच्या, "त्यांना सांग, चहा झाला." काका समोरच बसलेले असायचे. ते मला सांगायचे, "त्यांना सांगा, घेतला."

मला काकांचा रागच आला होता. एवढी एक वस्तू त्या बाईच्या हाताला ओळखीची होती आणि ह्यांनी ती कापून टाकली. ते जमलं नसतं तर दोन सीटचीही नाही आणि एक सीटचीही नाही. हे काकांनाही कळत होतं. त्या दिवसांत ते जेवताना अर्ध्यात उठायचे आणि भाईच्या दुकानाकडं जायचे.

भाई म्हणजे बाजाराच्या रस्त्यावर गेटं आणि धान्याच्या कोठ्या करणारे वेल्डिंगवाले. मोठा दिलदार माणूस, पण काकांनी त्यांना जेरीला आणलं होतं. शाळेतून येताना मी एकदा थांबले, तर काका खाली बसून दोन पायडलांच्या मधलं अंतर मोजत होते आणि भाई चेहऱ्यावरची जाळी वर करून त्यांच्याकडं बघत होते.

"साब, कितने बार नापते? नापने से वो लंबा होने वाला है क्या?"

"एकदा जोडलं की सरकणार न्हाई, भाई. म्हणून मोजून राह्यलो."

मला त्यांनी तिथंच समजावून सांगितलं, फरशीवर खडूनं काढून. साध्या सायकलला चेन थोडी लांब झाली तरी अडत नाही. मागचं चाक जरा मागं ओढलं, नट आवळले, की चेन ताठ. पण दोघांच्या सायकलला एक जास्तीची चेन लागते, पुढच्या पायडलांपासून मागच्या पायडलांपर्यंत. ती असली तरच दोघांचे पाय एकत्र फिरतात. आणि ही दोन्ही पायडलं सायकलच्या सांगाड्यात पक्की बसलेली. ना पुढं सरकत, ना मागं. म्हणून त्या चेनची लांबी अगदी बरोबर हवी.

"ती काढायची कशी?" मी विचारलं.

काकांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना आयुष्यात बहुतेक कुणी विचारला नव्हता. "सोपं हाय. दोन्ही दातेरी चकत्या सारख्या घेतल्या. चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत किती, ते घ्या. त्याची दुप्पट करा, कारण चेन वरून जाती आणि खालून येती. आता चेन पुढच्या चकतीला अर्धा वेढा घालती आणि मागच्या चकतीला अर्धा. दोन अर्धे मिळून एक अख्खा घेर. तो मिळवा. झालं."

"मग मोजताय कशाला परत परत?"

"चेन कापडासारखी न्हाई ना. हवी तिथं कापता येत न्हाई. एक कडी रुंद, एक अरुंद, एकाआड एक. काढायची तर जोडी काढावी लागती. म्हणून अंतरच असं ठेवतो, की कड्या बराबर भरतील. ना उरतील, ना कमी पडतील."

त्यांनी ते अंतर काढलं. भाईंनी त्या अंतरावर वेल्डिंग केलं. सायकल हातगाडीवर घालून घरी आली, लांबलचक, पुढचा भाग भंगारातल्या एका सायकलचा, काळा, मागचा भाग काकूंच्या सायकलचा, जुना निळा, आणि मागच्या सीटपुढं त्यांचंच हँडल. काकांनी दोन साध्या चेन जोडून केलेली लांब चेन चढवली, पिन बसवली आणि ती मधोमध ढिली लोंबायला लागली. फार नाही, बोटभर. त्यांनी एक जोडी काढली. आता टोकाला टोक मिळेना. परत घातली, लोंबली. परत काढली, पुरेना.

पट्टी लावून बघितलं तेव्हा कळलं. गरम होऊन पाइप ओढला गेला होता आणि दोन पायडलांमधलं अंतर जरासं कमी झालं होतं. काकांनी सायकल परत दुकानात नेली, पण भाईंना ते ऐकून काही वाटलं नाही. "लोहा है साब. गरम हुआ तो खिंचताच. नीचे एक छोटा चक्का लगा देता मैं, ढीली चेन को उठा के धरेगा. बस."

"ठिगळ न्हाई लावणार," काका म्हणाले आणि सायकल ढकलत घरी निघून आले.

त्या संध्याकाळी ते अंगणात सायकलशेजारी नुसते बसून होते. मी चहा नेऊन दिला. ते माझ्याशी पहिल्यांदाच पट्टी सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलले. "मॅडम, एवढी जमीन मोजली मी. पण मोजून झाल्यावर एकबी माणूस 'बराबर हाय' म्हणला न्हाई. ज्याची वाढली तो म्हणायचा अजून पाहिजे होती. ज्याची कमी झाली तो साखळी खोटी म्हणायचा. एका गावात तर दोघं सख्खे भाऊ, एकमेकाचं तोंड न बघणारे, मला शिव्या द्यायला एक झाले." ते जरा हसले. "वाटलं होतं, हे एक माप तरी कोणाच्या उपयोगाला यील."

दार उघडल्याचा आवाज आला. काकू उंबऱ्यात होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या थेट काकांना म्हणाल्या, मला मध्ये न घालता, "काय अडलंय?"

काकांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, त्यांचा हात धरून, बोटं चेनवरून फिरवून. चकती, पायडल, वरची चेन, खालची चेन. काकूंनी लोंबलेली चेन बोटानं उचलून बघितली.

"एवढीच सैल हाय?"

"हां."

"मंग चालवून बघू. थोडी सैल चालती."

"थोडी म्हणजे किती?"

"आता बसल्याबिगर कसं सांगू?"

काका नको म्हणत होते. पण बऱ्याच दिवसांनी त्या आपणहून बाहेर यायला निघाल्या होत्या आणि त्यांना थांबवायची काकांची छाती झाली नाही. सायकल गल्लीत काढली. मी मागचं सीट धरलं. काकूंनी साडीचा पदर खोचला, चाचपत पाय टाकला आणि बसल्या. पाय पायडलांवर ठेवल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडं बघितलं.

"मारू का?" त्यांनी विचारलं.

"मार."

सायकल निघाली. मी बाजूनं पळत होते. शेजारच्या बायका दारात आल्या. गल्लीच्या टोकापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं रस्त्याला एक उंचवटा होता. पुढचं चाक त्यावर चढलं आणि खाडकन आवाज आला. चेन पडली. काकांचा पाय जोरात खाली गेला, कारण पायाखालचा जोरच निघून गेला होता. सायकल हेलकावली आणि दोघं बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर आडवे झाले.

वाळू होती म्हणून बरं. काकांना काही झालं नाही. काकूंचं कोपर खरचटलं होतं. मी त्यांना उठवून बसवलं. काका उभे राहिले आणि पडलेल्या सायकलकडं बघत राहिले.

"बंद," ते म्हणाले. "आजपासून ही सायकल बंद. उद्या भंगारात देतो."

"अवो—"

"न्हाई. माझं माप चुकलं. तुला डोळे न्हाईत आणि मी तुला चुकीच्या चेनवर बसवलं."

"आधी ऐका तर!" काकू इतक्या जोरात ओरडल्या, की दारातल्या बायका गप्प झाल्या. "चेन सैल हाय म्हणता ना तुम्ही? सारखी सैल न्हाई ती. एका जागी ताणून तटते."

"कुठं तटते?"

"पाय मारताना. एका फेऱ्यात एकदा तटते, मंग सैल पडती. परत तटते, परत सैल. माझ्या पायाला लागत होतं. गल्लीभर लागत होतं."

काकांनी त्यांच्याकडं बघितलं, मग सायकलकडं. त्यांनी सायकल उभी केली, चेन चढवली आणि मला ती धरायला लावली. स्वतः खाली बसून हातानं पायडल फिरवायला लागले, अगदी हळू, दुसऱ्या हाताचं बोट चेनखाली. चेन लोंबत होती. पायडल फिरलं, आणि लोंबणं कमी होत गेलं. अजून फिरलं, आणि चेन सरळ ताठ झाली, बोटाला वर जाऊच देईना. अजून थोडं फिरवलं, परत लोंबली.

काकांनी मग पुढच्या चकतीवर पट्टी लावली. एकीकडून मध्यापर्यंत, मग दुसरीकडून. चकती त्याच भंगारातल्या सायकलची होती. तिचा मध्य जरासा एका बाजूला होता, डोळ्याला न दिसण्याइतका. पाइप ओढला गेला होता हे खरंच, पण या चकतीमुळं चेनची कुठलीच एक लांबी बरोबर येणार नव्हती. कमी केली असती तर तटायच्या जागी तुटली असती.

"म्हणजे," काका म्हणाले, "माप चुकलं नव्हतं."

"तेच सांगून राह्यले कधीची," काकू कोपरावरची वाळू झटकत म्हणाल्या.

मला अजून आठवतं, काकांनी एक लांब श्वास सोडला. पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आलेले दिसले. मला वाटायचं त्यांची ठेवणच तशी आहे, खांदे वर ओढलेले. ती ठेवण नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते सायकलच्या दुकानातून नवी चकती घेऊन आले. दुकानदारानं ती त्यांना किती वेळ तपासू दिली, हे मी विचारलं नाही. ती बसवल्यावर चेन सगळीकडं सारखी लोंबायला लागली. बोटभर, पण सारखी. मग ते स्वतः सायकल ढकलत भाईंकडं गेले. शाळेतून येताना मीही तिथंच थांबले होते.

"भाई, ते छोटं चाक लावा," काका म्हणाले.

भाईंनी जाळी वर केली. "ठिगल?"

"ठिगळच. लावा."

भाईंनी खालच्या बाजूला एक लहानसं चाक बसवलं, ढिल्या चेनला खालून वर उचलून धरणारं. लोंबणं गेलं. घरी आल्यावर सायकल स्टँडवर उभी केली. काकू मागं बसल्या आणि पायडल मारायला लागल्या. पुढची पायडलं त्यांच्या बरोबरीनं आपोआप फिरत होती. त्यांनी बराच वेळ फिरवलं, डोकं एका बाजूला कलतं करून. काका पट्टी हातात घेऊन बाजूला उभे.

"आता बराबर हाय," काकू म्हणाल्या.

काका वळले आणि विनाकारण अंगणाची भिंत मोजायला लागले.

नंतर काही दिवस ते गल्लीत चालवत होते, मग शाळेच्या मैदानावर. काका पुढून मोठ्यांदा सांगायचे, "वळण डावीकडं", "खड्डा", "ब्रेक". काकूंनी दोनतीन दिवस ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "ब्रेक सांगा फक्त. बाकीचं पायाला कळतंय." हे काकांना जड गेलं. पण ते गप्प बसायला शिकले.

एका रविवारी सकाळी ते दोघं डांबरी रस्त्यानं निघाले. तासाभरात येतो म्हणून गेले होते. ऊन वर चढलं, माझा स्वयंपाक झाला, तरी पत्ता नाही. काकांचा मोबाइल घरातच वाजत होता. मी दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा मला राहवेना. वाळूच्या ढिगावर पडले होते ते डोळ्यांसमोर येत होतं. आता तर बाजूनं ट्रक जात असणार. मी स्कूटी काढली.

गाव मागं पडलं. दोन्हीकडं कपाशी. रस्त्यावर प्रत्येक लांबच्या ठिपक्यात मला निळी सायकल दिसायची आणि जवळ गेलं की दुसरंच काही असायचं. बरंच लांब आल्यावर एका लहानशा पुलाच्या कठड्याला ती टेकवलेली दिसली. काकू कठड्यावर बसल्या होत्या. काका खाली रस्त्याकडेच्या गवतात, पाय पसरून, डोळे मिटून.

स्कूटी स्टँडला लावायचंही सुचेना. "काका! काय झालं? पडलात?"

काकांनी डोळे उघडले. "न्हाई."

"चेन पडली?"

"बिलकुल न्हाई."

"मग?"

"दमले ते," काकू म्हणाल्या. "मी म्हणते चला अजून, तर म्हणतात थांब."

"दमलो," काकांनी कबूल केलं. "थोडं."

मी मटकन कठड्यावर बसले आणि मला हसू यायला लागलं. थांबेचना. काकूही हसायला लागल्या, कशाला ते न विचारता. काका आमच्याकडं बघत गवतात पडून राहिले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी सगळी संपवली.

"काकू, तुम्ही माझ्या मागं बसा," मी म्हटलं. "काका सायकल हळूहळू आणतील."

"ह्यांना घे स्कूटीवर," काकू म्हणाल्या. "सायकल मी आणते."

काका लगबगीनं उठून उभे राहिले.

ते दोघं निघाले आणि मी मागं, स्कूटी अगदी हळू. वारा समोरून होता. काका पुढं वाकले होते, त्यांचे पाय फिरत होते, पण जोर कुणाचा लागतोय ते मागून स्पष्ट दिसत होतं. काकू ताठ बसल्या होत्या, पदर कमरेला घट्ट, पोटऱ्या ताणलेल्या. दोघांचे पाय एकाच वेळी वर येत होते, एकाच वेळी खाली जात होते. चेन एका लयीत सळसळत होती.

समोरून ऊस भरलेला ट्रक आला. ड्रायव्हरनं असली लांब सायकल आणि तिच्यावरची ही जोडी बघितली असणार. त्यानं हॉर्नवर हात दाबून ठेवला आणि खिडकीतून हात बाहेर काढून जोरात हलवला. काकूंनी आवाजाच्या दिशेनं आपला हात वर केला आणि ट्रक मागं जाईपर्यंत हलवत राहिल्या.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"ट्रकवाला," काका म्हणाले.

"ओळखीचा?"

"न्हाई."

"असू दे," काकू म्हणाल्या आणि दोन्ही हात हँडलवर ठेवून पाय मारायला लागल्या.